दत्तोबा आणि आंबलेलं रक्त

दत्तोबांच्या बायकोला मी अडीच वर्षं फक्त आवाजानं ओळखत होते.

सकाळच्या लोकलनं दत्तोबा कान्ह्याहून दुधाचे दोन कॅन घेऊन लोणावळ्यात उतरायचे. स्टेशनाबाहेर त्यांची सायकल लावलेली असायची. तिला कॅन अडकवून घरं करत करत वलवणला आमच्या दारात पोचायचे ते पावणेआठला. नेमका तेव्हाच त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजायचा. दत्तोबांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज कायम मोठा. त्यामुळे एका हातात माप, दुसऱ्या हातात फोन, आणि आमच्या जिन्यात नंदाबाईंचा आवाज.

"काय खाल्लं?"

"भाकरी."

"कशासंगं?"

"कालवनासंगं."

"कशाचं कालवन?"

इथं दत्तोबा अडकायचे आणि माझ्याकडे बघायचे. एकदा मी नुसते ओठ हलवून 'वांग्याचं' असं सुचवलं.

"वांग्याचं," दत्तोबा म्हणाले.

"वांगं? तुमी? लगीन झाल्यापास्नं वांग्याला हात लावला न्हाई आन आता कालवन करून खाताय व्हय? कोन हाय तितं शिकवायला?"

मी पातेलं घेऊन मुकाट्यानं आत गेले. त्या दिवसापासून मात्र दत्तोबांच्या चहाबरोबर एक पोळी ठेवायला लागले. खरं काय ते मला कळलं होतं. माणूस पहाटे उठून दोन म्हशींची धार काढतो, कोरा चहा पितो आणि निघतो.

घर कान्हे स्टेशनच्या पलीकडं, टाकवे बुद्रुकला. मुलगा बजरंग तळेगावात, कंपनीत. सून राजेश्वरीही कंपनीत. नात पिंकी झाली तेव्हा नंदाबाई 'दोन महिनं जाऊन येते' म्हणून तळेगावला गेल्या. दोनाचे चार झाले, मग पोरीला दात आले, मग ती चालायला लागली, मग राजेश्वरीची कंपनीतली पाळी बदलली. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं, त्यामुळे कुणाला रागही धरता येत नव्हता. दत्तोबा रविवारी दुपारी जाऊन भेटून यायचे. एकदा आठ दिवस तिथं राहूनही बघितलं त्यांनी. गावातल्या एकाला धारेला लावून गेले होते. परत आले ते सुटल्यासारखे.

"चौथा मजला, ताई. खिडकीतनं खाली बघितलं तर मानसांची टकलं दिसत्यात. सकाळच्या पारी म्हशीची पाठ दिसाया नगं?"

"मग मावशींनाच घेऊन या इकडं."

"आन पोरगी?"

त्यांची नातीवरही माया होतीच.

मी एकदा तांदूळ आणायला त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा पडवीतल्या दांडीवर एक हिरवं लुगडं वाळत घातलेलं दिसलं. मला वाटलं, मावशी आल्या की काय. "न्हाई न्हाई," दत्तोबा ओशाळून म्हणाले, "तिचं जुनं हाय. आयतवारी धुतो आन घालतो वाळत. घरात बाईमानूस हाय असं वाटतं." आणि पटकन म्हशीला वैरण टाकायला वळले.

दुधाच्या बाबतीत मात्र हाच माणूस अगदी कडक. एका मे महिन्यात आमचं दूध नासलं. मी तक्रार केली. दत्तोबांनी कॅनमधलं दूध वाटीभर घेऊन माझ्याच गॅसवर उकळून दाखवलं, ते जसंच्या तसं राहिलं. मग माझं पातेलं उचलून हुंगलं.

"ताई, दुधाला नावं ठिवू नगा. ह्या पातेल्याला कालच्या ताकाचा वास हाय."

खरंच होता. कामवाली सुट्टीवर होती आणि पातेलं मीच घाईत विसळलं होतं.

"दुधाचं लय वाईट असतं," जाताना ते सांगून गेले. "येकदा आंबाया लागलं की मागं फिरत न्हाई. कुनाचा बाप आला तरी."

संध्याकाळचं दूध ते गावातल्या डेअरीला घालायचे. तिथल्या यंत्रातून आकड्यांची चिठ्ठी येते. दत्तोबा चौथी शिकलेले, पण ती चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय हलत नसत. माणूस थापा मारतो, यंत्र कशाला मारेल, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या भाद्रपदाच्या शेवटी एक दिवस फोन आला, तेव्हा 'काय खाल्लं' विचारायच्या आधीच नंदाबाई म्हणाल्या, "ऐका. म्या देवीला बोलले. यंदा नऊ दीस निस्त्या पान्यावर आन अनवानी. घट उठलं की मी घरी येनार. मग बजरंग काय बी म्हनू, त्याची बायकू काय बी म्हनू. तुमी न्ह्यायला या."

"न्हेतो," दत्तोबा म्हणाले. मग पुन्हा, "न्हेतो की."

त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला, आणि दुधाचं माप माझ्या पातेल्यात ओतायच्या ऐवजी परत कॅनमध्येच ओतलं.

नंदाबाईंना साखरेचा आजार अकरा वर्षांचा. चार वर्षांपासून रोज इन्सुलिनची सुई. सुई सुरू झाली तेव्हा कुणीतरी त्यांना बजावून सांगितलं होतं, की सुई घेतली की जेवायलाच पाहिजे, नाहीतर चक्कर येऊन पडाल. ते त्यांनी चार वर्षं काटेकोर पाळलं होतं. आता नऊ दिवस जेवायचंच नाही, तर सुई कशाला? पोटात काही गेलंच नाही तर साखर येईल कुठून? हा हिशेब त्यांनी कुणाला विचारला नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. पहिल्या माळेपासून सुई बंद. चौथ्या दिवशी इमारतीखालच्या फरसबंदीवर अनवाणी पायात काच गेली. हळद भरली आणि वर चिंधी बांधली. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. राजेश्वरीला वाटलं, उपासानं पित्त खवळलं. तिनं पित्ताची गोळी दिली. संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर सासूबाई हाकेला ओ देईनात.

सातव्या माळेला दत्तोबा दूध घेऊन आले नाहीत. साडेनऊला त्यांचा फोन आला.

"ताई, तुमी शिकलेल्या. हितं डाक्टर म्हनत्यात रक्तात आंबट झालंय. मला काय उमगंना. जरा येता का?"

मी बीएस्सी झालेय, रसायनशास्त्र घेऊन. त्याला चोवीस वर्षं झाली आणि त्या रसायनशास्त्राचा उपयोग मी ढोकळ्यात सोडा किती घालावा एवढाच केलाय. तरी गेले.

तळेगावच्या त्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या बाहेर खुर्च्या होत्या. बजरंग खुर्चीवर बसला होता, दत्तोबा भिंतीला टेकून खाली. बापलेकाचं काहीतरी वाजलेलं होतं, ते दोघांच्या मानांवरूनच दिसत होतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. माझी ओळख 'शिकलेल्या ताई' अशी करून दिली गेल्यामुळे त्यांनी मलाच समोर बसवून सांगितलं. साखर रक्तात भरपूर आहे, पण इन्सुलिन नसल्यामुळे शरीराला ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. त्यात पायाची जखम चिघळलेली. आम्ल साठत साठत गेलं.

"आणि हृदय?" मी विचारलं, कारण बजरंग सारखा 'अटॅक आलाय' म्हणत होता.

"अटॅक नाही. हृदय तसं धड आहे. पण इतक्या आम्ल रक्तात हृदयाच्या स्नायूला नीट आवळताच येत नाही. साठ टक्के रक्त पुढं ढकलायला पाहिजे तिथं ते पंचवीसच ढकलतंय. म्हणून रक्तदाब पडलाय. दाब चढवायचं औषध चालू आहे, पण एवढ्या आम्लात ते औषधसुद्धा धड लागू पडत नाही. आधी आम्ल उतरलं पाहिजे."

"मग सोडा देता येत नाही का?" ढोकळेवाली मी.

त्या हसल्या नाहीत. "सोड्यानं आकडा सुधारतो, माणूस सुधारेलच असं नाही. मूळ थांबवायला हवं. सलाइन, इन्सुलिन, जखमेसाठी अँटिबायोटिक. दर दोन तासांनी मनगटातून रक्त घेऊन तपासतोय."

मला दोन मिनिटं आत जाऊ दिलं. आवाजावरून माझ्या डोळ्यांपुढं एक धिप्पाड बाई होती. खाटेवर होती ती चिमणीएवढी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि श्वास असा, की चढण धावत चढून आलेलं माणूस जसं छाती भरभरून हवा ओढतं. अंग मात्र अगदी निपचित. पायाच्या तळव्याला पट्टी आणि टाचांच्या भेगांत सहा दिवसांच्या अनवाणी चालण्याची माती तशीच.

बाहेर आले तर दत्तोबा उभे राहिले. "काय म्हनली डाक्टरीन?"

मी सांगायला बसले. रक्ताचा एक आकडा असतो आबा, तो सात पॉइंट चार असावा लागतो. मावशींचा सात पॉइंट शून्य एक आहे.

त्यांनी बोटांवर काहीतरी जमवलं. "म्हंजी अर्ध्याचा बी फरक न्हाई की! मग येवडं काय घाबरवत्यात?"

"तसं नसतं. तो आकडा फार बारीक असतो. त्यातला एवढा फरक म्हणजे रक्त अडीच पट आंबट झालं."

हे बोलले आणि लगेच जीभ चावली. दत्तोबांचा चेहरा असा उतरला, की माझी सगळी पदवी तिथंच फुकट गेली.

"अडीच पट," ते म्हणाले. मग शांतपणे बजरंगकडे वळले. "गाडी बोलव. घरी न्यायचं तिला."

"आबा, काय बोलताय!"

"चाळीस वर्सं दूध हाताळलंय म्या. जरा आंबट झालं तरी मागं फिरत न्हाई. हे तर अडीच पट. उगा सुया टोचून टोचून हाल करत्यात तिचं. घट उठलं की न्हेतो म्हनलं हुतं म्या. हितं फरशीवर, परक्या मानसांत न्हाई जाऊ द्यायची. तिच्या घरी न्यायची."

"तुमच्या त्या घराच्याच नादानं हे झालंय!" बजरंग उसळला. "कोण म्हनलं होतं तिला नवस कर? इथं काय कमी होतं? लिफ्ट आहे, पाणी आहे चोवीस तास."

"व्हय, पानी हाय. मानूस नव्हतं."

"मी माणूस नाही? राजी नाही?"

"तुमी असता कुटं घरात?"

बजरंग मुलगा वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वडिलांना दिसू नये म्हणून तो फोन काढून उगाच काहीतरी दाबत बसला.

डॉक्टरबाईंनी समजावलं, मी समजावलं. दत्तोबा ऐकून घ्यायचे आणि शेवटी तेच. सही कुठं करायची ते सांगा. ते रागात असते तर कुणी आवरलं असतं. ते अगदी शहाण्या माणसासारखे बोलत होते. चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि तो त्यांना एकच गोष्ट सांगत होता.

तेवढ्यात रक्ताचा नमुना घेऊन एक सिस्टर लगबगीनं बाहेर आली. रुपाली नाव, जवळच्या इंदुरी गावची. नमुना यंत्रापाशी देऊन परतताना ती थांबली. मघापासून दाराआडून तिनं सगळं ऐकलेलं असावं.

"आबा, म्हशी किती तुमच्या?"

दत्तोबांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "दोन."

"दूध आंबतं ते कुठं? कॅनमध्ये ना?"

"कॅनात, न्हाई तर पातेल्यात."

"म्हशीच्या कासेत असताना आंबलंय कधी?"

"आत कसं आंबंल? आत जितं असतं." मग धंद्यातला माणूस जागा झाला आणि त्यांनी तिला दुरुस्त केलं. "पर कास दगडी झाली, सुजली, तर आतल्या आत बी नासतं."

"हां. मग तेव्हा काय करता? म्हैस बाजारात नेता?"

"येडी का काय तू? औषिद घालायचं. आन पिळायचं. दिसातनं चारदा, पाचदा पिळून नासकं काढून टाकायचं. हळूहळू चांगलं उतराया लागतं."

"मग आम्ही इथं दुसरं काय करतोय?"

दत्तोबा तिच्याकडे बघत राहिले.

"मावशी अजून आत आहे आबा. ती कॅनात नाही गेली. हा श्वास बघितला ना कसा चाललाय? तो आजार नाही नुसता. ते आंबट ती स्वतः बाहेर टाकतेय, एकेका श्वासानं. कालपासून थांबली नाही. आम्ही फक्त हाताखाली आहोत तिच्या. आता तुम्ही गाडी बोलवली तर ती एकटी पडेल." आणि मग जरा दटावून, "तासाभरात चिठ्ठी येईल. तुम्हाला वाचता येते ना चिठ्ठी?"

"येतीया की."

"मग वाचा आणि मग ठरवा."

ती आत गेली. दत्तोबा पहिल्यांदा खुर्चीवर बसले. बराच वेळ दाराच्या काचेतून आत, त्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत होते. "लय कष्टाळू हाय ती," एवढंच म्हणाले.

पहिली चिठ्ठी आली, ७.०४. रुपालीनं बोट ठेवून दाखवलं. दत्तोबांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. त्यातली एक ओळ सोडली तर त्यांना काहीही कळत नव्हतं, आणि मलाही फारसं नाही. दुपारी आम्ही धाकधुकीत असताना दुसरी आली. ७.०२. आकडा पुन्हा खाली गेला होता. दत्तोबा उठून उभे राहिले. बजरंगनं त्यांचा हात धरला. सकाळपासून दोघांनी एकमेकांना हात लावला नव्हता.

"आबा, अजून एक चिठ्ठी. एक. मग तुम्ही म्हणाल तसं."

"माजं म्हनलेलं काय हाय त्यात," दत्तोबा म्हणाले. "मला ती घरी पायजे हुती. निस्ती चालत फिरत, बडबडत. दुसरं काय मागितलं म्या?"

बजरंगनं हात सोडला नाही. दत्तोबा उभेच राहिले. मी कुणाच्याही घरचा इतका खासगी क्षण बघायला नको होता, म्हणून पाणी आणायच्या निमित्तानं खाली गेले. कँटीनमध्ये उपासाची खिचडी चालू होती. ती बघून मनात आलं, नऊ दिवस आपणही करतो सगळं, आणि किती जणींच्या घरी अशी सुई बंद असेल, कुणास ठाऊक.

वर आले तेव्हा दत्तोबा तिथंच होते, उभे. चारच्या सुमारास तिसरी चिठ्ठी आली. ७.११. रुपाली आतून जवळजवळ पळतच आली होती. मागून डॉक्टरबाई. रक्तदाबाचं औषध थोडं कमी करूनही दाब टिकतोय, म्हणाल्या. आम्ल उतरायला लागलं तसं तेच औषध आता लागू पडतंय, आणि हृदयही आवळायला लागलंय.

"मागं फिरलं?" दत्तोबांनी विचारलं.

"फिरायला लागलंय."

त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आज लोकांची दुधं र्‍हायली."

सूर्य मावळायच्या आत नंदाबाईंनी डोळे उघडले. एकानंच आत या म्हणाले. बजरंगनं बापाला पुढं केलं. मी काचेपाशी होते. दत्तोबा खाटेपाशी वाकले. मास्कआडून नंदाबाईंचे ओठ हलले. दत्तोबांनी डोकं वळवून आपला चांगला कान त्यांच्या तोंडाशी नेला. काहीतरी उत्तर दिलं. परत आले ते चेहऱ्यावर हसू आणि त्याखाली काहीतरी वेगळंच घेऊन.

"काय म्हणाल्या?"

"पिंकी निजली का, म्हनं." दत्तोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्या म्हनलं, निजली. मी हाय हितं. तर म्हनली, तुमी हाय ते दिसतंय."

दसऱ्याला नंदाबाई साध्या खोलीत आल्या. घरी सोडायच्या आधी हृदयाची तपासणी झाली आणि ते पूर्वीसारखं रक्त ढकलताना दिसलं. डॉक्टरबाईंनी दत्तोबांना पडद्यावर दाखवलं. उघडमीट करणारी ती करडी सावली बघून ते म्हणाले, "हीच का ती पंचवीसवाली?" दोन गोष्टी मात्र डॉक्टरबाईंनी पक्क्या करून घेतल्या. उपास असो नसो, विचारल्याशिवाय सुई बंद करायची नाही, आणि सुई द्यायला घरात कुणीतरी शिकलेलं पाहिजे. दत्तोबा चार दिवस मोसंबीत साध्या पाण्याची सुई टोचून शिकले. रुपाली शेजारी उभी राहून ओरडायची, "आबा, म्हशीला टोचताय का? हळू!" टोचून झालेली मोसंबी ते कुणाला न सांगता खाऊन टाकायचे.

दिवाळीनंतर, अडीच वर्षांनी, ते नंदाबाईंना घरी घेऊन गेले.

आमच्या दारातला फोन आता वाजत नव्हता. दत्तोबा सकाळी जेवून यायला लागले. पोळी नको म्हणायचे. मला थोडं चुकल्यासारखं व्हायचं, पण बरंही वाटायचं. मग मार्गशीर्ष लागला आणि मला दिसायला लागलं, की ते पुन्हा गप्प झालेत.

"काय झालं आबा? मावशी बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय की. सुई घेती. भाकरी करती. सगळं हाय."

"मग?"

त्यांनी माप कॅनच्या काठावर दोनदा आपटलं. "आली ताई. पर निम्मीच आली."

सोमवारी नवीन इंद्रायणी तांदूळ न्यायला मी टाकव्याला गेले, तेव्हा त्याचा अर्थ कळला. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याचा गोड वास होता. नंदाबाई पडवीत बसून तांदूळ पाखडत होत्या. अंगावर थोडं मांस आलं होतं. मला बघून केवढ्या खुलल्या. "वांगं शिकवनारी ती तुमीच न्हवं?" म्हणून हसल्या. पण दर चार-सहा वाक्यांनी त्यांचा हात शेजारच्या फोनकडे जायचा. फोनमध्ये पिंकीचे व्हिडिओ. पाळणाघराच्या दारात रडणारी पिंकी, भात थुंकणारी पिंकी. "ती बाई भात चिवडून देती का न्हाई कुनास ठावं. हिला चिवडल्याबिगर गिळत न्हाई." सुपातले तांदूळ तसेच राहायचे.

कोपऱ्यात बांधून ठेवलेली पिशवी मी पाहिली. वर थर्मास. मी विचारायच्या आधी दत्तोबाच म्हणाले, "तिला म्याच म्हनलं. सोमवार ते शुक्रवार तितं, शनवार-आयतवार हितं. बजरंगची दुसरी पाळी हाय, तो येतोय न्यायला."

"ह्यांनीच हाकललं मला," नंदाबाई म्हणाल्या. "म्हनत्यात, हितं बसून तिकडं बघत र्‍हायली तर म्या काय करू!"

"खोटं हाय का?"

"खोटं कसं आसंल?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "तितं गेले की हिकडं बघत र्‍हाईन. मानूस दोनीकडं कसं हुईल हो ताई?"

मी सूप ओढून उरलेले तांदूळ पाखडायला घेतले.

अकराच्या सुमारास बजरंगची गाडी आली. दत्तोबांनी इन्सुलिनच्या थर्मासमध्ये बर्फ आहे का ते उघडून बघितलं, सुया मोजल्या, राजेश्वरीला काय काय सांगायचं ते बजरंगला दोनदा सांगितलं. बजरंग म्हणाला, "आबा, मला पाठ झालंय." नंदाबाई गाडीत बसल्या आणि काच खाली करून म्हशींच्या वैरणीबद्दल, चुलीवरच्या दुधाबद्दल, शेजारच्या रतनबाईकडून आणायच्या ताकाबद्दल बोलत राहिल्या, गाडी हलली तरी.

फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर धूळ बसली. मी माझी तांदळाची पिशवी उचलली. दत्तोबा बांधावर उभे होते.

"आज सोमवार न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सोमवार."

"म्हंजी मंगळ, बुध, गुरु..." अंगठा बोटांवरून सरकत गेला आणि थांबला. "शुक्रवारी सांच्याला येनार."

"येतील आबा."

"व्हय, येनार की," ते म्हणाले, आणि बांधावरून उतरले नाहीत.